मूठभर जास्तीची वाळू

भगवंताला वर्षभर एकच वाक्य छळत होतं. विहिरीवर मोटर चालू करायला गेला तरी तेच, घास तोंडात घातला तरी तेच. "आपल्या जावयाला मऊ, दुसऱ्याच्याला राकुस!" मागच्या जत्रेत भर मैदानात, सगळ्या वाडीसमोर, लंकाबाईनं हात नाचवून हे म्हटलं होतं आणि लोक फिदीफिदी हसले होते. लंकाबाईचं तोंड एकदा उघडलं की मिटायचं नाव नाही, तिच्या बोलण्याला कोण भीक घालतो, असं भगवंत चारचौघांत म्हणायचा खरा. पण आतून जळत होता. कारण ती बया खरं बोलली होती.

आता हे मऊ न् राक्षस काय प्रकरण आहे, ते आधी सांगायला हवं. महाळुंगे पडवळच्या वरच्या अंगाला ही वाडी. चैत्रात देवाची जत्रा भरते आणि दुसऱ्या दिवशी उन्हं कलली की देवळापुढच्या मैदानात सोंगांची लढाई होते. देवाची सोंगं गावच्या पोरांनी घ्यायची आणि दैत्याची गावच्या जावयांनी. पणज्या-खापरपणज्यापासून हेच चालत आलेलं. एरवी जावई म्हणजे काय हो, पाटावरचा मानकरी, पोळीवर तुपाची धार! पण वर्षातून एक दिवस त्याच्या तोंडावर शिंगांचा लाकडी मुखवटा चढवायचा आणि मेहुण्यांनी त्याला धुळीत लोळवायचं. सासवा पदराआड हसतात, मेहुण्या टाळ्या पिटतात. जिंकणार देवच, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी झटापट खरी दिसली पाहिजे. दैत्यानं आधी देवाला मैदानभर रेटायचं, पार गुडघ्यावर आणायचं, आणि संबळाचा ठेका बदलला की मगच उताणं पडायचं. त्याआधी पडला तर सोंग बाटलं आणि सासऱ्याची मान खाली गेली.

म्हणून जोड तोलामोलाची लागते. दैत्य दांडगा आणि देव किडकिडीत असला तर लोक हसतात. उलटं झालं तर कुणाचं तरी हाड मोडतं. ही जोड लावायचं काम भगवंताच्या घराण्याकडं होतं. जावई पहिल्या जत्रेला आला की त्यानं देवळामागचा दगडी गोटा उचलायचा. मांडीपर्यंत आला, छातीपर्यंत आला की खांद्यावर गेला, तो त्याचा जोर. गावच्या पोरांनाही हाच नेम. दोघांत ज्याचा जोर जास्त, त्याच्या कमरेला वाळूची पिशवी बांधायची, म्हणजे तोल सारखा झाला. आणि एकदा ठरलेला जोर बदलत नाही. बदलायचाच असला, तर ज्याचा त्यानं देवापुढं उभं राहून म्हणायचं, "माझा जोर उतरला." बस्स, एवढंच. आजवर एकाही जावयानं हे म्हटलेलं नव्हतं. सासुरवाडीत, मेहुण्यांसमोर, बायकोच्या मैत्रिणींसमोर असं कोण म्हणेल? बरगडी मोडली तरी गडी हसत उठतो आणि धूळ झटकतो.

मागच्या साली भगवंताचा जावई सुदर्शन पहिल्यांदा मैदानात उतरला. खोडदचा गडी, तिथल्या त्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्यांच्या कुंपणाला लागून त्याचं रान. उंचापुरा, बोलायला मोजका, हसायला मोकळा. गोटा त्यानं एका दमात खांद्यावर टाकला आणि सगळी वाडी "आयला!" म्हणून ओरडली. नेमानं त्याची जोड आदेशशी लागायला हवी होती. आदेश म्हणजे वाडीचा पैलवान, डेअरीतले दुधाचे भरलेले कॅन दोन हातांत दोन घेऊन चालणारा. पण भगवंताची एकुलती एक लेक तेजस्विनी, आईवेगळी वाढवलेली, तिच्या लग्नाची हळदसुद्धा अजून फिकी झाली नव्हती. त्याचा जीव कचरला. त्यानं सुदर्शनपुढं एक लुकडा देव उभा केला आणि आदेशला लंकाबाईच्या जावयावर सोडला, ज्याचा गोटा मांडीच्या वर सरकला नव्हता. त्या बिचाऱ्याचा खांदा निखळला. मग लंकाबाई बोलणार नाही तर काय आरती ओवाळणार?

तेव्हा यंदा भगवंतानं मनाशी गाठ मारली होती. सुदर्शनपुढं आदेशच उभा राहील, वाळूसकट. बघू कोण तोंड उघडतं ते.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तेजस्विनी चुलीपुढं पोळ्या लाटत होती. चार महिन्यांची पोर झोळीत झोपली होती. सुदर्शन देवळाकडं गेल्याचं बघून तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"आबा, एक सांगू? रागवायचं न्हाई."

"बोल की."

"ह्यांना यंदा जड जोड देऊ नका. माघात ताप आला व्हता, तवापासनं दम लागतोय. पाण्याची बादली उचलली तरी उभं राहत्यात. जुन्नरला डॉक्टरला दाखवलं, त्यो म्हणला छातीचं दुखणं हाय, पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्या."

"मग नेलं का न्हाई?"

"ह्येच म्हणले, जत्रा झाली की जाऊ. यंदा न्हाई आलो तर सासुरवाडीत काय म्हणत्याल." ती जरा थांबली. "मी तुमाला सांगितलं हे कळलं तर माज्याशी बोलायचे न्हाईत."

भगवंतानं तंबाखू मळायचं थांबवलं नाही. "डॉक्टरचं काय घिऊन बसलीस? ह्या लोकांना शिंक आली तरी पुण्याला धाडायचं असतं. तरणाताठा गडी हाय. आन् जोर उतरला असंल तर त्यांनी सोता देवापुढं म्हणावं. नेम सगळ्यांला एक."

"ते म्हणणार हायेत का, आबा? तुमाला ठावं न्हाई का?"

"मग मी काय करू? पुन्यांदा त्या लंकाबाईच्या तोंडी लागू? तेजा, वरीसभर मी खाली मान घालून हिंडलोय. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं म्हणून लोकं माज्या पाठीमागं बोलत्यात. माज्या बापाला असं कुणी बोललं न्हवतं."

तेजस्विनीनं लाटणं पुन्हा हातात घेतलं. तव्यावरची पोळी करपली, तिचा वास घरभर झाला. बापापुढं जास्त बोलायची सवय तिला नव्हती. मेली ती सवय! एरवी बाजारात भाजीवाल्याशी हुज्जत घालणारी पोर, पण घरात आबांचा आवाज चढला की तिचा खाली बसायचा.

दुपारी वाळू तोलायला देवळाच्या पारावर काटा मांडला. काटा दलीचंदशेठचा. त्याचं किराणा दुकान खाली महाळुंग्यात, पण जत्रेला तो दरवर्षी तराजू घेऊन वर यायचा, बापाच्या काळापासूनची रीत म्हणून. दैत्याची सोंगं घ्यायला जमलेल्या जावयांकडं बघत तो भगवंताच्या कानाशी लागला. "भगवंतराव, तुमचे जावई लई उतरलेत हो. गालाची हाडं वर आलीत. बरं नव्हतं का?"

"शेतीचा हंगाम व्हता. कामाचा माणूस सुकणारच."

"तसं नव्हे. डोळ्यांखाली बघा की."

"शेठ, तुमी वाळू तोला," भगवंत म्हणाला. दलीचंदनं खांदे उडवले आणि वाळू तोलली. दुसऱ्याच्या देवात आपण किती बोलायचं, असा त्याचा विचार.

आदेशचा गोटा छातीपर्यंतचा, सुदर्शनचा खांद्यावरचा. तेव्हा पिशवी सुदर्शनच्या कमरेला. भगवंतानं ती स्वतःच्या हातानं बांधायला घेतली. माणसं गोल करून उभी होती. लंकाबाई पुढंच, कमरेवर हात देऊन. सुदर्शननं हात वर केले. त्याच्या बनियनखाली छाती पळत होती, भगवंताच्या मनगटाला ती लागली. धडधड, धडधड, मध्येच एक ठोका चुकल्यासारखी. भगवंत क्षणभर थबकला. वर बघितलं तर सुदर्शन हसत होता.

"बांधा, मामा. घट्ट बांधा. सैल झाली तर पुन्यांदा तुमालाच बोलत्याल."

म्हणजे त्यालाही ते वाक्य माहीत होतं! कुणी सांगितलं असेल? सगळ्यांनीच. भगवंताच्या डोक्यात तिडीक गेली. त्यानं गाठ आवळली, मग काट्याखाली सांडलेल्या वाळूतली एक मूठ उचलली आणि सगळ्यांना दिसेल अशी पिशवीत टाकली. "ही वरची," तो मोठ्यानं म्हणाला. "माज्या घरचा हाय म्हणून." लोकांत वा-वा झाली. लंकाबाईनं नाक मुरडलं, पण बोलली नाही. वर्षानंतर प्रथमच भगवंताच्या छातीवरचं ओझं हललं. ते सुदर्शनच्या कमरेला गेलं होतं, एवढंच.

उन्हं कलली. सोपान संबळ घेऊन बसला. रीत अशी की भगवंतानं मैदानाच्या कडेला उभं राहायचं आणि वेळ झाली की खांद्यावरचं उपरणं वर करायचं. ते बघून सोपान ठेका बदलणार आणि ठेका ऐकून दैत्य पडणार. लढाई किती चालवायची हे सगळं त्या एका उपरण्यावर.

आदेश देव होऊन उतरला, सुदर्शन दैत्य होऊन. पहिल्याच रेट्याला सुदर्शननं आदेशला असं मागं नेलं की बायका किंचाळून पदर सावरत उठल्या. "वा रं पाव्हण्या!" पोरं ओरडली. भगवंताच्या मिशीला हसू आलं. कुठला दम न् कुठलं काय? उगीच पोरीनं घाबरवलं!

पण मग दैत्य मंदावला. पकड सुटून तो दोन पावलं मागं गेला आणि गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला. मुखवट्याची शिंगं खाली-वर होत होती. लोकांना वाटलं, सोंग आहे. भगवंताला मात्र कळलं. सकाळचं लेकीचं बोलणं त्याला आठवलं, मघाचा तो चुकलेला ठोका आठवला, आणि त्याचा हात उपरण्याकडं गेला. खोटं कशाला बोला, गेलाच होता. तेवढ्यात मागून तो आवाज आला.

"बघा आता, उपरणं वर जातंय का न्हाई! जावई दमला वाटतं!"

लोक हसले. मागच्या सालासारखेच हसले. भगवंताचा हात खाली आला.

थोडं अजून, त्यानं स्वतःला सांगितलं. आणखी थोडंच.

आदेशनं पुन्हा झोंबी घेतली, पण घेतली ती कशीबशी. तो सुदर्शनला पाडत नव्हता, धरून होता. त्याच्या गळ्यात गळा घालून तो काहीतरी पुटपुटत होता. "खेळताय का गळाभेट घेताय?" कुणीतरी ओरडलं. शिट्ट्या झाल्या. सुदर्शन एका गुडघ्यावर आला आणि मैदान गप्प झालं. पडला असता तर सोंग बाटलं असतं. तो पडला नाही. आदेशच्या खांद्याला धरून, पाय फाकवून, तो पुन्हा उभा राहिला आणि त्यानं आदेशला ढकललं. काय आरोळी उठली म्हणता! दलीचंदशेठसुद्धा पारावर उभा राहिला. "हा खरा गडी!" म्हातारे म्हणाले. "भगवंतानं जोड लावावी तर अशी!"

भगवंताच्या अंगावर काटा आला. ही शाबासकी ऐकायला त्याचे कान वर्षभर तरसले होते. ती त्यानं पुरती ऐकून घेतली. लंकाबाई गप्प झालेली त्यानं मान वळवून बघितली. समोर दैत्याचा मुखवटा त्याच्याकडं वळलेला होता, नुसता वळलेला, हलत नव्हता. मग त्यानं सावकाश उपरणं वर केलं.

संबळाचा ठेका फिरला आणि सुदर्शन पडला. अगदी ठेक्यावर, उताणा, हात पसरून, जसं पडायचं तसं. इतकं सुरेख पडलेलं कुणी बघितलं नव्हतं. टाळ्यांचा नुसता पाऊस. रीतीप्रमाणं आदेशनं त्याच्या छातीवर पाय टेकवायचा होता. तो पाय न टेकवता धुळीत बसला आणि मुखवट्याच्या गाठी सोडायला लागला. तेवढ्यात तेजस्विनी धावत आली. बायकांनी त्या मैदानात पाऊल टाकायचं नसतं. ती टाकून आली.

मुखवटा निघाला. ओठ जांभळे पडले होते. डोळे अर्धे उघडे. तेजस्विनीनं आधी पिशवीची गाठ धरली, ती सुटेना. बापानं बांधलेली गाठ, घट्ट. तिनं दातांनी ओढली, तरी सुटेना. शेवटी आदेशनं सुरीनं पिशवी फाडली आणि वाळू दोघांच्या मध्ये सांडली.

जत्रेला माणसं घेऊन आलेली एक जीप होती, तीत घालून मंचरला निघाले. घोडनदीचा पूल यायच्या आतच सगळं संपलं होतं. तरी जीप तशीच पुढं नेली, कारण थांबा असं म्हणायचं कुणी, हेच कुणाला कळेना.

तेराव्याला भगवंत खोडदला गेला. अंगणात माणसं बसली होती. आदेश आला होता. तो कोपऱ्यात बसून नुसता रडत होता, एवढा मोठा पैलवान. तेजस्विनी पोरीला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली होती. ती त्याला म्हणाली, "आदेशभाऊ, तुमी त्यांच्या कानात काय बोलत व्हता?"

आदेशनं मान हलवली. सांगायचं नव्हतं त्याला. पण ती बघत राहिली.

"मी म्हणत व्हतो, पावणं, पडा. पडा आता, मी सांबाळून घेतो. दोनदा म्हणलो. त्यांना श्वास घेता येईना."

"मग?"

"ते म्हणले, मामाचं उपरणं न्हाई उठलं अजून."

अंगणात सगळ्यांनी ऐकलं. भगवंत तिथंच, खांबाला टेकून बसला होता. तेजस्विनीनं बापाकडं बघितलं नाही. तिनं पोरीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं आणि ती उठून आत गेली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नाही. दिवाळीला आणायला गेला, आली नाही. संक्रांतीला गेला, तर शेजारणीनं बाहेर येऊन सांगितलं, रानात गेलीय. तबकड्यांच्या कुंपणापाशी तो खूप वेळ उभा राहिला. रानात ती दिसत होती, वाकून कांदा खुरपत होती. हाक मारायचा त्याला धीर झाला नाही.

घरी त्याला झोप लागेनाशी झाली. भाकरी गोड लागेना. जत्रा, जोड, मान, सगळ्याला आग लागो, असं तो स्वतःशी मोठ्यानं म्हणायचा. आणि ते मनापासून म्हणायचा, यात काडीचीही शंका नाही. एकच आस त्याला उरली होती, लेकीनं एकदा "आबा" म्हणावं.

आणि चैत्रात ती आपणहून आली. पोर आता चालायला लागली होती. तेजस्विनीनं पिशवी भिंतीला टेकवली, चूल सारवली, काही न बोलता भाकऱ्या थापल्या. दोन दिवस अशीच राहिली. तिसऱ्या दिवशी ताट वाढताना म्हणाली, "आबा, कालवणात मीठ बरं हाय का?"

भगवंतानं घास तोंडात घातला. मीठ कमी होतं की जास्त, देव जाणे. "लई बरं हाय," तो म्हणाला, आणि डोळे पुसायला बाहेर गेला. त्या दुपारी नात त्याच्या मांडीवर झोपली. तो हललासुद्धा नाही.

संध्याकाळी जत्रेची मंडळी आली. पाच-सहा माणसं, त्यांत सोपान, आदेश, आणि सगळ्यांच्या पुढं लंकाबाई. ओट्यावर बसली. तेजस्विनी चहा टाकायला आत गेली. सोपाननं घसा खाकरला. गावात बैठक झाली, म्हणाला, काही जण म्हणत होते यंदा सोंगं बंद ठेवावी. पण देवाचं काम, बंद कसं ठेवायचं? आणि चालू ठेवायचं तर जोड कुणी लावायची?

"न्हाई," भगवंत म्हणाला. "मला त्यातलं काय सांगू नका."

मग लंकाबाई उठली. पदर डोक्यावर घेतला आणि सगळ्यांसमोर तिनं भगवंताला हात जोडले. लंकाबाईनं! जिनं आजवर देवापुढंही नीट हात जोडले नसतील.

"भगवंता, मी चुकले," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत खरं पाणी होतं. "मी तुला भर मैदानात नाय नाय ते बोलले. पर तुज्यासारका न्यायाचा माणूस ह्या मुलखात न्हाई. पोटच्या लेकीचं कुकू पुसलं गेलं, पर तू माप झुकू दिलं न्हाईस. आता आमी सगळी आमच्या जावयांला डोळं झाकून तुज्या हवाली करू. जोड तूच लावायची."

"खरंय," बाकीचे म्हणाले. "एकदम खरं." एक आदेशच तेवढा खाली बघत होता.

आणि भगवंताला बरं वाटलं.

कसं सांगावं, पण वाटलं. एवढं सगळं होऊन, इतक्या रात्री जागून काढून, वर्षानुवर्षं तहानलेल्या जागी कुणी थेंबभर पाणी सोडावं तसं ते आत मुरलं. त्याची मान ताठ झाली. ओठांचे कोपरे जरासे वर गेले. पापणी लवेपर्यंतच. पुढच्याच क्षणी त्याला स्वतःची शिसारी आली. पण तोवर झालं ते झालं होतं. त्याच्या तोंडावर काही मुखवटा नव्हता.

तेजस्विनी चहाची परात घेऊन दारात उभी होती. तिनं ते बघितलं.

तिनं परात खाली ठेवली, सगळ्यांच्या हातात एकेक कप दिला, बापाच्याही दिला. "घ्या, आबा," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "लई वाट बघितली तुमी ह्याची."

"तेजा..."

ती आत निघून गेली होती.

"मी जोड लावणार न्हाई!" भगवंत ओरडला. कप कलंडून चहा धोतरावर सांडला. "ऐकलं का? मेलो तरी लावणार न्हाई! मीच मारला त्याला! माजा हात व्हता, मी खाली घेतला!"

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. सोपाननं त्याच्या पाठीवर हात ठेवला. लंकाबाईनं डोळ्यांना पदर लावला.

"बघा गं बाई," ती म्हणाली, "केवढं मोठं मन! सगळा दोस सोताच्या अंगावर घेतोय."

आतून पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला. तेजस्विनी बाहेर आली, एका खांद्याला पिशवी, कडेवर झोपेतून उठवलेली पोर. ती ओट्यावरून उतरली, बापापुढून गेली आणि आदेशपाशी थांबली.

"आदेशभाऊ," तिनं विचारलं, "खोडदला जायला आता गाडी हाय का?"